ट्रॅक लोडरचे रबरी ट्रॅक निवडताना जुन्या ट्रॅकने काय सांगितलं

ट्रॅक लोडर म्हणजे चाकांऐवजी दोन रबरी पट्ट्यांवर, म्हणजे ट्रॅकवर, चालणारं, पुढे बकेट असलेलं मशीन. त्याचा रबरी ट्रॅक बदलायला झाला की नाही, हे बरेच जण बाहेरची नक्षी बघून ठरवतात. मला ते पुरेसं वाटत नाही. नक्षी निम्मी शिल्लक असताना ट्रॅक आतून संपलेला असू शकतो, आणि बाहेरून गुळगुळीत झालेला ट्रॅक कोरड्या सपाट जागेत अजून बरेच तास ओढू शकतो. आमच्या ट्रॅक लोडरचा डावा ट्रॅक उतरायला लागला तेव्हा त्याची नक्षी काही फार वाईट नव्हती. उतरायला लागला म्हणजे, जोरात वळताना आयडलरवरून, म्हणजे ट्रॅक ताणून धरणाऱ्या पुढच्या चाकावरून, सरकून बाजूला यायचा. ऑपरेटर आयडलरला पुढे ढकलणाऱ्या सिलिंडरमध्ये ग्रीस भरून ताण वाढवायचा, थोडे दिवस बरे जायचे, पुन्हा तेच. मग एकदा तो म्हणाला, "दादा, आता ताणायला जागाच नाही. आयडलर पुढे जाऊन टेकलाय." तिथे विषय संपला. ताण देणारा सिलिंडर पूर्ण बाहेर येऊनही ट्रॅक सैलच असेल, तर ट्रॅक लांबलाय नाहीतर आतले लोखंडी दात आणि स्प्रॉकेट (ट्रॅक फिरवणारं मागचं दातेरी चाक) झिजलेत. बहुतेक वेळा दोन्ही.

नवे ट्रॅक मागवण्याआधी आम्ही जुने नीट धुऊन बघितले. प्रेशर वॉशरने मशीनचं पोट धुतलं. फ्रेम आणि रोलर (ट्रॅकवरून धावणारी खालची छोटी चाकं) यांच्या मध्ये बसलेली माती आणि खडी पहारीने उकरून काढावी लागली. मग मशीन हातभर पुढे घ्यायचं, थांबायचं, बघायचं, असा दोन्ही ट्रॅकचा पूर्ण फेरा तपासला. चपलेचा तळ बघून माणसाची चाल कळते, तसं जुन्या ट्रॅकवरून मशीन खरोखर काय काम करतं ते कळतं. विक्रेत्याने "काम काय आहे?" विचारलं की आपण "सगळंच" म्हणून मोकळे होतो. त्या उत्तराचा त्याला काही उपयोग नसतो.

आमच्या ट्रॅकवर तीन गोष्टी स्पष्ट दिसल्या. पहिली, नक्षीच्या ठोकळ्यांच्या कडा गोल झाल्या होत्या आणि काही ठिकाणी रबराचे लचके निघाले होते. हे कडक जागेवर जागच्या जागी वळल्याने होतं. चिखलातल्या कामाने नक्षी अशी फाटत नाही, तिथे ती सावकाश आणि सारखी झिजते. दुसरी, बाहेरच्या कडेला काप होते, आणि दोन ठिकाणी काप इतके खोल की आतली स्टीलची तार दिसत होती, तीही गंजलेली. काँक्रीटच्या उंच कडेवर ट्रॅक तिरका चढवला की असं होतं. तिसरी गोष्ट आतल्या बाजूला होती. रोलर ज्यांच्या मधून धावतात ते लोखंडी दात डाव्या ट्रॅकवर एका अंगाने चकचकीत आणि बारीक झाले होते, उजव्यावर तेवढे नव्हते. खडीचा ढीग एकीकडे, गाडी दुसरीकडे, आणि ऑपरेटर दिवसभर एकाच दिशेला झटका देऊन वळतोय, हे त्यावरून सहज लक्षात आलं. त्याला दाखवलं तर तो हसला आणि म्हणाला, "गाडी त्या बाजूला उभी राहू शकत नाही, मी काय करू?" मुद्दा बरोबर होता.

तारेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ट्रॅक कधी टाकून द्यायचा हे तारेवर ठरतं. रबरी ट्रॅक नुसत्या रबराचा नसतो. आत लोखंडी तुकडे आडवे बसवलेले असतात, त्यांचेच दात आतून वर आलेले दिसतात आणि त्यांच्या मधल्या जागेत स्प्रॉकेटचे दात घुसतात. या तुकड्यांच्या बाहेरच्या बाजूने स्टीलच्या तारांचा थर ट्रॅकच्या पूर्ण लांबीभर फिरतो. सगळी ओढ त्या तारा घेतात, रबर फक्त सगळ्याला धरून ठेवतं आणि जमिनीला चिकटतं. त्यामुळे उन्हाने पडलेल्या बारीक वरवरच्या भेगा दिसल्या तर घाबरायचं कारण नाही. तारेपर्यंत गेलेली भेग मात्र वाईट. तिच्यातून पाणी शिरतं, तार गंजते, एकेक धागा तुटतो, आणि मग एक दिवस पूर्ण ट्रॅक भर कामात तुटतो. नव्या ट्रॅकची नक्षी साधारण २५ मिलिमीटरच्या आसपास खोल असते. आमची निम्म्यावर आली होती. तारा झाकलेल्या असत्या तर मी अजून काही काळ काढला असता.

एकच ट्रॅक बदलावा का, हा विचार झाला. उजवा तुलनेने बरा होता. पण नवा आणि अर्धा झिजलेला यांच्या उंचीत बारा-तेरा मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे मशीन कायम एका बाजूला कललेलं राहणार. नुसती खडी भरायची असेल तर चालून जातं, लेव्हल काढायची असेल तर बकेटची धार तिरकी येते. शिवाय दोन्हीकडची पकड वेगळी, मग सरळ चालवतानाही हात सारखा दुरुस्ती करत राहतो. जोडीच घ्यायची ठरली.

आकार ट्रॅकच्या आतल्या बाजूला उठवलेला असतो: रुंदी, पिच आणि लिंकची (आतल्या लोखंडी तुकड्यांची) संख्या, या क्रमाने, पहिले दोन मिलिमीटरमध्ये. आमच्यावर ३२० वाचता येत होतं, ८६ अंदाजाने, आणि तिसरा आकडा पूर्ण घासून गेला होता. मोजणं अवघड नाही. रुंदी टेपने. पिच म्हणजे आतल्या एका दाताच्या मध्यापासून पुढच्या दाताच्या मध्यापर्यंतचं अंतर. एकच अंतर मोजलं तर टेप इकडेतिकडे होतो, म्हणून सलग दहा अंतरं एकदम मोजायची आणि दहाने भागायचं. आमची दहा अंतरं ८६० मिलिमीटरच्या किंचित वर आली. कॉम्पॅक्ट ट्रॅक लोडरमध्ये ८६ चा पिच इतका सर्रास आहे की शंका उरली नाही. लिंक मोजायला एका दातावर खडूची खूण केली आणि फेरा पूर्ण होईपर्यंत मोजत गेलो: ४९. म्हणजे ३२०×८६×४९, आणि लांबी ८६ गुणिले ४९, साधारण ४.२ मीटर. मोजताना एक लिंक इकडेतिकडे झाली तर तो ट्रॅक एकतर चढतच नाही किंवा ताणून ताणूनही सैल राहतो, म्हणून ऑपरेटरकडून परत मोजून घेतलं.

आकड्यांसोबत एखादं अक्षर असेल तर तेही लिहून घ्यावं. मिनी एक्स्कॅव्हेटरच्या ट्रॅकमध्ये हा घोळ जास्त होतो: ३००×५२.५ या एकाच मापात एन, डब्ल्यू आणि के अशी वेगवेगळी अक्षरं लागलेले ट्रॅक मिळतात आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत, कारण आतल्या दातांची ठेवण निराळी असते. लोडरमध्येही ८६ च्या पुढे बी किंवा सी लिहिलेलं दिसतं. आणि काही मशीनचा प्रकारच वेगळा असतो. एएसव्ही कंपनीच्या पोझी-ट्रॅक पद्धतीच्या अंडरकॅरेजमध्ये (मशीनच्या खालच्या चालत्या भागात), आणि कॅटरपिलरच्या २४७, २५७ अशा जुन्या मल्टी टेरेन लोडरमध्ये, ट्रॅकच्या आत लोखंड नसतं, रबराचेच दात असतात. तिथे या लेखातलं निम्मं गणित लागू पडत नाही.

फोनवर एक विक्रेता म्हणाला, "तुम्ही फक्त मॉडेल सांगा, मापाचं आम्ही बघतो." मॉडेल सांगावंच, पण माप आपण काढलेलं सांगावं आणि त्याच्या तक्त्याशी जुळतंय का ते विचारावं. एकाच मॉडेलवर दोन रुंदीचे ट्रॅक कारखान्यातूनच येतात, आणि मशीन आधी दुसऱ्या कुणाकडे असेल तर मधल्या काळात काय बसवलं गेलं ते तक्त्याला माहीत नसतं.

रुंदीवरून आमच्याकडे खरी वादावादी झाली. ३२० च्या जागी ४०० चा ट्रॅक बसू शकत होता. ऑपरेटरला तोच हवा होता, कारण ओल्या जागेत मशीन रुतायचं आणि बाहेर काढताना त्याचीच दमछाक व्हायची. मी कागदावर हिशेब मांडला. मशीन ३,६०० किलोचं आणि जमिनीला टेकलेली लांबी १.४ मीटर धरली, तर ३२० च्या दोन ट्रॅकचं क्षेत्रफळ सुमारे ०.९ चौरस मीटर होतं आणि दाब येतो दर चौरस सेंटिमीटरला ०.४ किलो. ४०० चे लावले तर क्षेत्रफळ १.१२ चौरस मीटर आणि दाब ०.३२ किलो. म्हणजे सरळ २० टक्के कमी. चिखलात २० टक्के फार मोठे असतात. (भरलेली बकेट उचलली की वजन पुढे सरकतं आणि हा सरासरी आकडा पुढच्या रोलरखाली खोटा ठरतो, पण तुलना तीच राहते.)

दुसऱ्या बाजूला, रुंद ट्रॅक कडक जागेवर वळताना जास्त घासतो. ट्रॅक लोडरला स्टिअरिंगची चाकं नसतात. एक ट्रॅक हळू, दुसरा जोरात, किंवा एक पुढे आणि एक मागे, असं करून ते वळतं, आणि वळताना अख्खा ट्रॅक जमिनीवर आडवा फरफटतो. रुंदी वाढली की ही फरफट वाढते, मोटरवरचा ताण वाढतो, आणि ट्रॅकची जी कड फ्रेमच्या बाहेर येते ती आधी कापली जाते. आमच्या जुन्या ट्रॅकची बाहेरचीच कड कापलेली होती. मशीनची एकूण रुंदीही वाढते, मग अरुंद वाटेतून आत जायचं काम असेल तर अडचण. जुना ट्रॅक सांगत होता की मशीन बहुतेक वेळ कडक जागेवर असतं. मी ३२० वर राहिलो. ऑपरेटर नाराज झाला, ते मी समजू शकतो. रुतलेलं मशीन मला काढावं लागत नाही.

नक्षीच्या बाबतीत पर्याय इतके आहेत की माणूस चित्रं बघूनच दमतो, पण मुळात विचार एकच करायचा: रबर जमिनीला किती टेकतं आणि त्याला कडा किती आहेत. रबर जास्त टेकलं की झीज कमी आणि चाल मऊ. कडा आणि मोकळी जागा जास्त असली की पकड चांगली, पण झीज भराभर. बाकी सगळं या दोघांमधली तडजोड.

इंग्रजी सी अक्षराच्या आकाराची नक्षी बऱ्याच मशीनवर कारखान्यातून येते. ती कशातच वाईट नाही. आमचे जुने ट्रॅक तेच होते. आडव्या सरळ पट्ट्यांची नक्षी चिखलात सगळ्यात चांगली ओढते, पण कडक जागेवर मशीन खडखडत चालतं आणि ऑपरेटरची कंबर जाते. बारीक आडव्या पट्ट्या जवळजवळ असलेली, जिला मल्टी-बार म्हणतात, ती हिरवळीवर आणि मऊ मातीत छान. जमीन उखडत नाही. खडीवर आणि काँक्रीटवर मात्र ती लवकर संपते, कारण पट्ट्या बारीक असतात. नागमोडी, म्हणजे झेडसारखी नक्षी चिखल आणि बर्फ दोन्हींत चांगली, तिच्या लांब कडा आडवं घसरणंही रोखतात, आणि चिखल त्यातून बऱ्यापैकी बाहेर पडतो. आणि ठोकळ्यांची नक्षी, आलटून-पालटून बसवलेले जाड चौकोनी ठोकळे: जमिनीला भरपूर टेकते, खडी, डांबर, काँक्रीट यांवर सगळ्यात जास्त टिकते, चाल मऊ. तिचा दोष म्हणजे चिकट मातीत ठोकळ्यांमधल्या फटी भरून जातात आणि ट्रॅक जवळजवळ सपाट होतो.

ज्या विक्रेत्याकडून शेवटी घेतले त्याचा आग्रह नागमोडीचा होता. "सगळीकडे चालते," असं तो सारखं म्हणत होता. चालते, यात वाद नाही. पण आमच्या जुन्या ट्रॅकवरचे लचके काय सांगत होते? सी नक्षीच्या तुलनेने रुंद पायाचेही लचके निघाले होते. मग नागमोडीच्या निमुळत्या कोपऱ्यांचं काय झालं असतं? मी त्याला फोटो पाठवले. त्यावर त्याने फारसा वाद घातला नाही, "मग ब्लॉकच घ्या," म्हणाला. फोटो पाठवल्यावर विक्रेत्याशी बोलणं एकदम बदलतं हे मला इथे जाणवलं. तोवर तो सगळ्यांना सांगतो तेच मला सांगत होता.

प्रतीचा प्रश्न नक्षीपेक्षा अवघड, कारण आतलं काही दिसत नाही. दोन ट्रॅक शेजारी ठेवले तर दोन्ही काळे, दोन्ही चकचकीत. काही गोष्टी विचारता येतात. तार अखंड गुंडाळलेली आहे की तुकड्यांची टोकं एकमेकांवर चढवून जोडलेली? अखंड तारेत तुटायला सांधा नसतो, म्हणून तीच घ्यावी असं माझं मत. आतले लोखंडी तुकडे घडीव पोलादाचे आहेत की ओतीव? घडीव जास्त मार सोसतात. ट्रॅकचं वजन किती? हा प्रश्न फार उपयोगी पडला. एकाच मापाच्या आणि एकाच नक्षीच्या दोन ट्रॅकमध्ये वजनाचा मोठा फरक असेल तर हलक्यात रबर किंवा लोखंड कमी आहे, दुसरं काय असणार? जड आहे म्हणून चांगलाच असतो असं नाही, पण हलका का आहे याचं उत्तर मिळायला हवं. एकाने वजन सांगायलाच नकार दिला. त्याच्याकडून घेतला नाही.

तयार झाल्याची तारीख विचारावी. रबर पडून पडूनही म्हातारं होतं, ऊन आणि हवेतला ओझोन त्याला तडकवतात. गोदामात सावलीत ठेवलेला वर्षभराचा ट्रॅक ठीक. उघड्यावर तेवढाच काळ पडलेला असेल तर मी घेणार नाही. ट्रॅक हातात आला की आतल्या बाजूने हात फिरवावा: लोखंड आणि रबर जिथे मिळतात तिथे फट नको, कडेला फुगे नकोत, तार कुठे वर आलेली नको.

मशीनच्या कंपनीचे घ्यायचे की बाहेरचे, यावर प्रत्येकाचं ठाम मत असतं. मी बाहेरचे घेतले आणि त्याचं कारण वॉरंटीचा कागद. दोन्हीकडचे कागद मागवून शेजारी ठेवले तर त्यात विशेष फरक नव्हता. महिने किंवा तास, जे आधी पूर्ण होईल ते. वापर झाला त्या प्रमाणात भरपाई कमी. काप, झीज, आणि झिजलेल्या स्प्रॉकेटवर बसवल्याने झालेलं नुकसान यांना वॉरंटी नाही. म्हणजे आमच्या जुन्या ट्रॅकचा शेवट ज्या कारणांनी झाला ती दोन्हीकडे वगळलेली! मग कागदात बघायचं ते एवढंच, की तार तुटली किंवा लोखंडी तुकडा निखळला तर कोण उभं राहणार. नाव मोठं असलं तरी हा प्रश्न विचारावाच, कारण या धंद्यात नावं हात बदलतात. कॅम्सो हे या क्षेत्रातलं मोठं नाव २०१८ साली मिशलॅं (मिशेलिन) या टायर कंपनीने घेतलं, आणि त्यातला बांधकाम यंत्रांच्या ट्रॅकचा व्यवसाय विकत घेण्याचा करार सिएटने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केला.

सगळ्यात जास्त वाद स्प्रॉकेटवर झाला, आणि त्यात आमचे मिस्त्री जिंकले. मला वाटत होतं की स्प्रॉकेट अजून एका जोडीला चालतील. मिस्त्रींनी मला खाली बसवलं आणि दाताच्या दोन्ही बाजूंवर बोट ठेवायला लावलं. एक बाजू सरळ, दुसरी आत खचलेली, आणि टोक हुकासारखं वाकल्यागत. "अहो, नवा ट्रॅक याच्यावर टाकाल तर हा हुक प्रत्येक लिंकला ओढून धरेल आणि सुटताना झटका देईल. नव्याचे दात हा जुना खाऊन टाकेल," ते म्हणाले. जुना ट्रॅक आणि जुनं स्प्रॉकेट एकत्र झिजलेले असतात, म्हणून त्यांचं जमतं. नव्या ट्रॅकचा पिच अगदी नेमका ८६ असतो आणि झिजलेल्या दाताशी तो जुळत नाही. काही मशीनवर डावं-उजवं स्प्रॉकेट अदलाबदल करून दातांची न झिजलेली बाजू वापरता येते. आमच्या दातांची टोकं इतकी निमुळती झाली होती की त्यात अर्थ नव्हता. शिवाय वॉरंटीच्या कागदात स्प्रॉकेटची अट होतीच. नवीन मागवले.

रोलर तपासायची मिस्त्रींची पद्धत साधी होती: ट्रॅक काढल्यावर प्रत्येक रोलर हाताने फिरवायचा आणि मग वरखाली हलवून बघायचा. फिरताना खरखर आली, हलला, किंवा बाजूने तेल गळल्याचा ओला डाग दिसला, तर तो रोलर गेला. डावीकडचे दोन असे निघाले. न फिरणाऱ्या रोलरवरून ट्रॅक नुसता घासत जातो आणि रोलर एका बाजूने सपाट होतो; त्यातला एक तसा झालाच होता. ट्रॅक उतरण्याचं खापर आम्ही सगळं ताणावर फोडत होतो, त्यात या दोघांचाही वाटा असणार. आयडलर दोन्ही ठीक निघाले.

बसवण्याचं काम मिस्त्रींनीच केलं, आम्ही हाताखाली होतो. त्यातली एकच गोष्ट तपशिलाने सांगतो, कारण तिथे माणूस जखमी होऊ शकतो. ताण सोडायला ग्रीसच्या सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह सैल करायचा असतो. आतलं ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं. व्हॉल्व्ह हळूहळू, थोडाच फिरवायचा, तोंड आणि हात त्याच्या समोर कधीही ठेवायचे नाहीत, आणि ग्रीस आलं नाही म्हणून व्हॉल्व्ह पूर्ण काढायचा तर मुळीच नाही. दाबाने उडालेलं ग्रीस कातडी भेदून आत जातं. बाहेरून टाचणीएवढी जखम दिसते आणि आतून हात जायची वेळ येते. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना. मशीन उचलल्यावर ते नुसत्या बकेटच्या जोरावर किंवा जॅकवर सोडायचं नाही, फ्रेमखाली पक्के आधार द्यायचे, हेही मिस्त्री दोनदा म्हणाले.

बाकी काम अंगमेहनतीचं. ताण सोडल्यावर आयडलर मागे ढकलला, जुना ट्रॅक पहारीने आयडलरवरून बाहेर काढला, रोलर आणि स्प्रॉकेट बदलले. नवा ट्रॅक आधी मागे स्प्रॉकेटच्या दातांवर बसवला, मग पुढे आयडलरवर चढवला. नवं रबर ताठ असतं, थंड असेल तर जास्तच. ते काही वेळ उन्हात पसरून ठेवलं की जरा ऐकतं. काही नक्षींना दिशा असते, बाजूला बाण असेल तर तो बघूनच चढवायचा. मग ग्रीस भरत ताण दिला आणि मशीन उचललेलं असतानाच रोलरखालची ढील मॅन्युअलप्रमाणे मोजली. ताण जास्त दिला की ट्रॅक उतरणार नाही अशी ऑपरेटरची समजूत होती. उतरणार नाही हे खरं, पण तारा, बेअरिंग आणि मोटर हे तिन्ही त्याची किंमत मोजतात. नवा ट्रॅक पहिल्या काही दिवसांत बसतो, म्हणून ढील पुन्हा मोजली, आणि ती थोडी वाढलेली निघालीच.

ठोकळ्यांच्या नक्षीवर मशीन लक्षात येईल इतकं गुळगुळीत चालतं. खडीवर फरक कमी, काँक्रीटवर जास्त. वळण्याची पद्धत बदलायचा प्रयत्न चालू आहे: जागच्या जागी गर्रकन फिरवण्याऐवजी थोडं पुढे, थोडं मागे घेत वळायचं, आणि कडेवर चढायचं असेल तर तिरकं न जाता सरळ समोरून. गाडी उभी करायची बाजूही आता आलटून-पालटून बदलता येईल अशी जागा करून घेतली आहे, म्हणजे डावा ट्रॅक एकटा मरणार नाही. डिझेल किंवा तेल सांडलं तर लगेच धुतो, रबराला ते फुगवतं. ट्रॅकवरच्या अनुक्रमांकाचे फोटो पहिल्याच दिवशी काढले, कारण वॉरंटीला तो लागतो आणि तोही आकारासारखाच घासून जाणार.

ओलीत मात्र ऑपरेटरचं म्हणणं खरं ठरतंय. चिकणमाती ठोकळ्यांच्या फटींत बसते आणि मशीन जागेवर गुरगुरतं. मग तो कोरड्या भागात येऊन दोन-तीन वेळा वेगाने पुढे-मागे करतो, माती उडते, आणि परत आत जातो. "४०० चे असते तर," असं तो अजूनही म्हणतो. ओल्या दिवसांसाठी ४०० चा नागमोडी जोड वेगळा ठेवावा असाही विचार त्याने मांडला आहे. पण जोडी चढवणं-उतरवणं म्हणजे प्रत्येक वेळी मिस्त्री आणि जवळजवळ पूर्ण दिवस, शिवाय दोन्ही जोड्या एकाच स्प्रॉकेटवर वेगवेगळ्या झिजणार. मिस्त्रींना विचारलं तर ते म्हणाले, "आधी ओलीचे तास मोजा, मग बोलू." म्हणून आता मीटरच्या नोंदवहीत आणखी एक रकाना वाढवलाय: ओलीतले तास. नक्षीची खोली दोन्ही ट्रॅकवर ठरावीक तासांनी मोजून त्याच्या शेजारी लिहितो.